इंग्रजी प्रिपोझिशनपुढे नाम की विशेषण?

मालाच्या खोक्यांवर ‘हँडल विथ केअर’ असे छापलेले असते, औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ अशी सूचना असते आणि बंद पडलेल्या लिफ्टच्या दारावर ‘आउट ऑफ ऑर्डर’ची पाटी लटकत असते. या तिन्ही ठिकाणी ‘विथ’, ‘बिफोर’ आणि ‘ऑफ’ यांच्या लगेच पुढे आलेले ‘केअर’, ‘यूज’ आणि ‘ऑर्डर’ हे शब्द नामे आहेत. खोक्यावर ‘केअर’ऐवजी ‘केअरफुल’ हे विशेषण छापले, तर हमालाला सूचनेचा रोख कळेल, पण ते वाक्य इंग्रजी म्हणून उभे राहणार नाही. प्रिपोझिशननंतर नाम, सर्वनाम किंवा नामासारखे वापरलेले क्रियापदाचे ‘इंग’ प्रत्ययान्त रूप यावे, विशेषण एकटे येऊ नये, हा शालेय व्याकरणातील नियम अशाच उदाहरणांवर उभा आहे. मात्र हाच नियम पाठ करणारा विद्यार्थी बोलताना ‘इन शॉर्ट’, ‘इन जनरल’, ‘ॲट लीस्ट’ असे प्रयोग सहज करतो, मराठी बोलतानाही करतो, आणि ‘शॉर्ट’, ‘जनरल’, ‘लीस्ट’ ही तर विशेषणे आहेत हे त्याच्या ध्यानातही येत नाही. नियम आणि नित्याचा वापर यांच्यातील या विसंगतीला कारणे आहेत, आणि ती कळली की नाम कोठे हवे व विशेषण कोठे चालते याचा बराचसा उलगडा होतो.

‘प्रिपोझिशन’ म्हणजे नामाचा वाक्यातील इतर शब्दांशी स्थळ, काळ, कारण, साधन असा संबंध दाखवणारा अविकारी शब्द. मराठीत हे काम विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मिळून करतात. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि पुढे शालेय पुस्तकांपर्यंत या मांडणीची परंपरा मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. फरक जागेचा आहे. इंग्रजीतील शब्द नामाच्या आधी येतो, तर मराठीतील अव्यय नामाच्या मागून, त्याला चिकटून येते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. अव्यय जोडण्यापूर्वी मराठी नामाचे रूप बदलते, ‘घर’चे ‘घरा’ होते आणि मग ‘घरासमोर’, ‘घरापासून’ असे शब्द तयार होतात. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. प्रिपोझिशनच्या पुढे येऊन त्याचा अर्थ पुरा करणारा जो शब्द किंवा शब्दसमूह, त्याला येथे ‘पूरक’ म्हटले आहे. प्रश्न आहे तो या पूरकाच्या जातीचा.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. नियम पूरकाच्या मुख्य शब्दाविषयी आहे, प्रिपोझिशनला लागून असलेल्या पहिल्या शब्दाविषयी नाही. खाद्यपदार्थांच्या पाकिटावर ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’ असे असते, तेथे ‘इन’नंतर दोन विशेषणे येतात; पण ती ‘प्लेस’ या नामाची आहेत आणि पूरक त्या नामापाशीच संपतो.

नाम आणि विशेषण या दोन वेगळ्या जाती आहेत ही समजूत आज इतकी रुळली आहे की ती अनादि वाटते. प्रत्यक्षात यास्काने निरुक्तात शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग केले, त्यांत विशेषणाला स्वतंत्र घर नाही; ते नामातच मोडते, आणि संस्कृतात विशेषण नामाप्रमाणेच विभक्तीत चालते. ग्रीक व्याकरणातही विशेषण हा नामाचाच एक प्रकार होता आणि लॅटिन व्याकरणकारांनी तीच वाट धरली. त्यांच्या वळणावर लिहिलेली जुनी इंग्रजी व्याकरणे ‘नाउन सब्स्टॅन्टिव्ह’ आणि ‘नाउन ॲडजेक्टिव्ह’ असे एकाच नामाचे दोन भेद सांगत. त्या भाषांच्या बाबतीत ही मांडणी सयुक्तिक होती, कारण तेथे विशेषणाला लागणारा प्रत्ययच त्याचे लिंग, वचन आणि विभक्ती सांगत असे, आणि त्या बळावर ते नामाच्या जागी निर्धास्त उभे राही.

मराठीत हे बळ आजही शिल्लक आहे. ‘शहाण्याला शब्दांचा मार’ या म्हणीत ‘शहाणा’ हे विशेषण सामान्यरूप घेते आणि ‘ला’ प्रत्यय अंगावर वागवते; ‘गरिबांसाठी’, ‘थोरांपुढे’, ‘जुन्यापेक्षा नवे बरे’ यांतही तेच घडते. ऐकणाऱ्याला ‘माणूस’ किंवा ‘वस्तू’ हे नाम वेगळे सांगावे लागत नाही, रूपातच ते आलेले असते. प्राचीन इंग्रजीतील विशेषणेही अशीच चालत असत, परंतु मध्ययुग सरता सरता त्यांचे प्रत्यय झिजून गेले आणि ‘गुड’ हा शब्द एकवचनी, अनेकवचनी, कर्ता, कर्म अशा सर्व ठिकाणी ‘गुड’च राहिला. रूपावरून काहीच कळेनासे झाल्यावर विशेषणाला नामाच्या जागी बसवण्यासाठी भाषेला बाहेरून टेकू द्यावा लागला. मराठीत ‘निळ्यावर समाधान मानले’ म्हणता येते, इंग्रजीत मात्र ‘ब्लू’च्या मागे ‘वन’ जोडून ‘सेटल्ड फॉर द ब्लू वन’ असे म्हणावे लागते. ‘वन’ येथे आकडा नसून केवळ नामाची रिकामी जागा भरणारा शब्द आहे.

दुसरा टेकू ‘द’ या उपपदाचा. ‘द पुअर’, ‘द रिच’, ‘द अननोन’ या रचनांत विशेषणापुढे नाम नसूनही त्यांचा अर्थ नामाचा होतो. माणसांविषयी बोलताना संपूर्ण वर्ग अभिप्रेत असतो आणि क्रियापद अनेकवचनी येते. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेच्या नावात ‘फॉर’नंतर हीच रचना आहे. तेथून ‘द’ काढले तर नाव व्याकरणदृष्ट्या कोसळते. मराठीत ‘अंधांसाठी’ म्हणताना जे काम ‘आं’ हा अनेकवचनी सामान्यरूपाचा अंश करतो, ते इंग्रजीत ‘द’ करतो, म्हणूनच मराठी लेखकाच्या हातून ते निसटण्याचा धोका मोठा असतो. पुढच्या काळात माणसांना केवळ एका विशेषणाने ओळखण्यास आक्षेप घेतला जाऊ लागला आणि १९९५ च्या व नंतर २०१६ च्या भारतीय कायद्यांच्या नावांत ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’ हा शब्दप्रयोग आला. यात ‘विथ’चा पूरकही नाम आहे आणि माणूसही नामानेच उल्लेखिला आहे; व्यंग हे माणसाचे वर्णन न राहता त्याच्यापाशी असलेली एक गोष्ट ठरते. व्याकरणातील निवडीला असे सामाजिक वजनही असते.

भारतीय कचेऱ्यांतील पत्रव्यवहारात ‘द नीडफुल’ हा शब्द अजून ठाण मांडून आहे. ‘आवश्यक ती कारवाई’ या अर्थाचा हा प्रयोग मूळचा ब्रिटिश. इंग्लंडात तो मागे पडला आणि इकडे टिकला. त्याला चुकीचा म्हणणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्याची घडण ‘द पुअर’सारखीच आहे, त्यामुळे व्याकरणाच्या अंगाने त्यात काही वावगे नाही, फार तर तो जुनाट आहे असे म्हणता येईल. असाच आणखी एक नमुना इंग्रजी अनुवादांच्या शीर्षकपृष्ठावर ‘ट्रान्सलेटेड फ्रॉम द मराठी’ या शब्दांत भेटतो. एरवी भाषेचे नाव उपपदाशिवाय येते आणि ‘इन मराठी’ हेच बरोबर असते. अनुवादाच्या या ठरीव वाक्यात मात्र ‘मराठी’ हे मुळात विशेषण असून त्यापुढचे ‘भाषा’ किंवा ‘संहिता’ असे नाम अध्याहृत आहे, असा त्या ‘द’चा उलगडा केला जातो.

आता चुकांकडे वळता येईल. ‘बिकॉज ऑफ इल’, ‘डाइड ऑफ हंग्री’, ‘इन स्पाइट ऑफ पुअर’, ‘स्पोक विथ कॉन्फिडन्ट’ ही वाक्ये इंग्रजी शिकणाऱ्यांच्या वह्यांत आढळणाऱ्या चुकांच्या जातीची आहेत, आणि चारही ठिकाणी विशेषण नामाच्या जागी बसले आहे. ती दुरुस्त करण्याचे दोन मार्ग आहेत आणि ते दोन्ही मराठीत रोज वापरले जातात. ‘तो आजारी असल्यामुळे आला नाही’ या वाक्यात ‘मुळे’ हे अव्यय ‘आजारी’ला लागलेले नाही, ते ‘असणे’ या क्रियापदापासून बनलेल्या ‘असल्या’ या रूपाला लागले आहे, आणि ‘आजारी’ हे विशेषण त्या क्रियापदाच्या आश्रयाला आहे. इंग्रजीतील ‘बिकॉज ऑफ बीइंग इल’ ही रचना नेमकी अशीच आहे. ‘बीइंग’ हे ‘बी’ या क्रियापदाचे नामासारखे चालणारे रूप प्रिपोझिशनची मागणी पुरी करते आणि विशेषणालाही जागा मिळवून देते. ‘अफ्रेड ऑफ बीइंग लेट’, ‘अक्यूज्ड ऑफ बीइंग लेझी’, ‘इन स्पाइट ऑफ बीइंग पुअर’ ही सारी याच साच्यातली वाक्ये होत. मराठीत कोणी ‘आजारीमुळे’ म्हणत नाही, ते कानाला तत्काळ खटकते. इंग्रजीत मात्र ‘इल’च्या रूपात खटकण्यासारखे काहीच नसल्याने चूक दबक्या पावलांनी आत शिरते.

दुसरा मार्ग विशेषणाचे भाववाचक नाम करण्याचा. मराठीत ‘आजारपणामुळे’, ‘आळशीपणाबद्दल’, ‘गरिबीवर मात करून’ असे म्हणतात, इंग्रजीत ‘इलनेस’, ‘लेझिनेस’, ‘पॉव्हर्टी’ ही नामे वापरतात. येथेही दोन्ही भाषांची ठेवण सारखी आहे. मराठीत ‘पणा’ हा प्रत्यय जवळजवळ कोणत्याही विशेषणाला लागतो, तर गोड, गार, ओला यांपासून गोडवा, गारवा, ओलावा घडवणारा ‘वा’ मोजक्याच शब्दांना लागतो आणि तो कोठे लागेल हे ऐकूनच शिकावे लागते. इंग्रजीत ‘नेस’ हा मोकळ्या हाताचा प्रत्यय आहे, आणि ‘थ’ हा जुना, कंजूष. ‘लाँग’पासून ‘लेंग्थ’, ‘स्ट्राँग’पासून ‘स्ट्रेंग्थ’, ‘डीप’पासून ‘डेप्थ’, ‘यंग’पासून ‘यूथ’ होताना आतला स्वरही बदलतो. ‘हॉट’चे ‘हीट’ आणि ‘प्राउड’चे ‘प्राइड’ तर प्रत्ययाशिवायच होते. ‘हंग्री’च्या बाबतीत गाडी उलटी आहे, तेथे ‘हंगर’ हे नाम मूळचे आणि विशेषण त्यावरून बनलेले. म्हणून ‘डाइड ऑफ हंगर’, ‘स्पोक विथ कॉन्फिडन्स’, ‘वेटेड इन सायलेन्स’ या जोड्या नियमाने तयार करण्यापेक्षा शब्दकोशात विशेषणाशेजारी त्याचे नाम पाहून लक्षात ठेवणे सोयीचे पडते.

या दोन मार्गांत अर्थाची छटा वेगळी असते. ‘बीइंग’ची रचना विशिष्ट माणसाच्या विशिष्ट स्थितीकडे बोट दाखवते, भाववाचक नाम त्या स्थितीला स्वतंत्र वस्तूसारखे नाव देते, त्यामुळे कायदा, अहवाल, शास्त्र यांची भाषा नामांकडे झुकते आणि गोष्ट सांगणारी भाषा क्रियापदांकडे. भारतीय कचेरीतील इंग्रजी नको तेथे नामांनी जड झालेली असते, हा दोष वेगळा. ‘ऑफ’ आणि भाववाचक नाम मिळून पुन्हा विशेषणाचेच काम करतात, हीदेखील एक गंमत आहे. ‘अ मॅटर ऑफ इम्पॉर्टन्स’ म्हणजे महत्त्वाची बाब, ‘ऑफ नो यूज’ म्हणजे निरुपयोगी. विशेषण टाळून नाम आणायचे आणि त्यातून विशेषणाचाच अर्थ काढायचा, असा हा वळसा आहे, आणि ‘ऑफ इम्पॉर्टन्ट’ ही चूक या वळशातच होते.

‘इन शॉर्ट’चे कोडे अद्याप बाकी आहे. ‘इन’पुढे विशेषण येणाऱ्या प्रयोगांकडे पाहिले तर त्यांतील पुष्कळांना फ्रेंच जोडीदार सापडतात. इंग्रजीतील ‘इन व्हेन’, ‘इन जनरल’, ‘इन पर्टिक्युलर’, ‘इन कॉमन’, ‘इन सीक्रेट’, ‘इन ब्रीफ’ यांना समांतर असे ‘आँ’ या फ्रेंच शब्दाने सुरू होणारे प्रयोग फ्रेंचमध्ये आहेत, आणि त्यांतील काहींचे मूळ आणखी मागे लॅटिनमध्ये जाते. ‘इन व्हेन’च्या मागे लॅटिनमधील ‘इन वानुम’ आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकल्यानंतर दरबार, धर्मपीठ आणि न्यायालये यांत फ्रेंच व लॅटिनचा अंमल बसला. न्यायालयातील वाद इंग्रजीत चालावेत असा कायदा होण्यास १३६२ साल उजाडले. या दीर्घ सहवासात असे वाक्प्रचार अखंड स्वरूपात इंग्रजीत उतरले, आणि त्यांच्या वळणावर ‘इन शॉर्ट’, ‘इन फुल’सारखे देशी शब्दांचे प्रयोगही रुळले. लॅटिनमध्ये त्या विशेषणाला नपुंसकलिंगी विभक्तिप्रत्यय असल्याने ते नामाच्या जागी बसण्यास पात्र होते. इंग्रजीत प्रत्यय गेला आणि विशेषण उघडे राहिले.

असे प्रयोग आता गोठलेले आहेत, म्हणजे त्यांतील एक शब्द काढून त्याच अर्थाचा दुसरा घालता येत नाही. ‘इन शॉर्ट’ चालते म्हणून ‘इन लाँग’ चालत नाही. सविस्तर सांगायचे तर ‘इन डिटेल’ म्हणावे लागते, आणि तेथे ‘डिटेल’ हे नाम आहे, तेही एकवचनी. ‘इन डिटेल्ड’ आणि ‘इन डिटेल्स’ हे दोन्ही प्रयोग चुकतात ते यामुळे. ‘इन प्रायव्हेट’ चालते, पण ‘इन सायलेन्ट’ चालत नाही. गोठलेल्या प्रयोगाचा अर्थही सुट्या शब्दांवरून काढता येत नाही. ‘ही लेफ्ट इंडिया फॉर गुड’ याचा अर्थ तो भल्यासाठी देश सोडून गेला असा होत नाही, तो कायमचा गेला असा होतो. भल्यासाठी म्हणायचे असेल तर ‘फॉर हिज ओन गुड’ असे षष्ठीचे रूप आणावे लागते, आणि ते आले की ‘गुड’ नाम बनते. ‘ॲट लार्ज’चे तर दोन अर्थ आहेत. फरारी आरोपी ‘ॲट लार्ज’ असतो तेव्हा तो मोकाट असतो, आणि ‘द पब्लिक ॲट लार्ज’ म्हणजे समस्त जनता. मोठेपणाशी यांपैकी कशाचाच थेट संबंध उरलेला नाही.

इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकातील विवाहाच्या शपथेत ही दोन्ही वळणे एका दमात येतात. तेथे ‘फॉर’पुढे अधिक बरे, अधिक वाईट, अधिक श्रीमंत आणि अधिक गरीब या अर्थांची तुलनादर्शक विशेषणे आहेत, आणि लगेच पुढे ‘इन’नंतर ‘सिकनेस’ व ‘हेल्थ’ ही नामे. शपथ घेणाऱ्या अनेक पिढ्यांना यात काही विजोड वाटले नाही, आणि ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ हा तुकडा लग्नमंडपाबाहेर पडून रोजच्या इंग्रजीत रूढ झाला.

गोठलेल्या प्रयोगांपलीकडे मात्र एक असे क्षेत्र आहे जेथे विशेषण आजही मोकळेपणाने, नवनव्या शब्दांत, प्रिपोझिशननंतर येते. ‘ॲज’ हा शब्द घ्यावा. अमेरिकेत खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांसाठी १९५८ च्या कायदादुरुस्तीपासून ‘जनरली रेकग्नाइज्ड ॲज सेफ’ असा एक वर्ग आहे, म्हणजे जाणकारांनी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानलेले पदार्थ. येथे ‘ॲज’नंतर ‘सेफ’ हे विशेषण आहे आणि ‘सेफ्टी’ हे नाम घातले तर अर्थाचा विपर्यास होईल, कारण तो पदार्थ म्हणजे सुरक्षितता नव्हे, सुरक्षित असणे हा त्याचा गुण आहे. मानणे, समजणे, वर्णन करणे, हिणवणे या अर्थांच्या क्रियापदांनंतर ‘ॲज’ एखाद्या गोष्टीला गुण चिकटवण्याचे काम करतो. ओळख सांगायची असेल तर नाम, गुण सांगायचा असेल तर विशेषण. ‘शी वर्क्स ॲज अ टीचर’ आणि ‘डिस्क्राइब्ड ॲज लेझी’ या दोन वाक्यांत हा भेद स्वच्छ दिसतो. ‘लेफ्ट फॉर डेड’ या प्रयोगातील ‘फॉर’ही याच अर्थाचा आहे. मेला असे समजून टाकून दिलेला, असा त्याचा भाव. मृत्यूसाठी सोडलेला, असा नव्हे.

निवड खऱ्या अर्थाने निवड ठरते ती ‘फार फ्रॉम’च्या बाबतीत. ‘द बोट वॉज फार फ्रॉम सेफ्टी’ याचा अर्थ बोट सुरक्षित जागेपासून, किनाऱ्यापासून किंवा बंदरापासून, दूर होती. ती स्वतः भक्कम असू शकेल. ‘द बोट वॉज फार फ्रॉम सेफ’ म्हणजे बोट मुळीच सुरक्षित नव्हती. ती धक्क्याला बांधलेली असली तरी हे वाक्य खरे ठरू शकते. दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत आणि केवळ एका प्रत्ययाने अर्थ पालटला आहे. पहिल्यात ‘फ्रॉम’ अंतर दाखवणारे खरे प्रिपोझिशन आहे, दुसऱ्यात ‘फार फ्रॉम’ हे दोन शब्द मिळून ‘मुळीच नाही’ असे म्हणणारे क्रियाविशेषण झाले आहे. ‘नेक्स्ट टु इम्पॉसिबल’ आणि ‘एनीथिंग बट ईझी’ यांचीही हीच गत आहे. नामासाठी गुण ही वस्तू असते आणि विशेषणासाठी ती कोणाची तरी अवस्था असते, एवढा भेद मनात पक्का असला तर अशा ठिकाणी नियमाची आठवणही काढावी लागत नाही.

‘विथ’ची एक रचना शालेय पुस्तकांत सहसा दुर्लक्षित राहते. जेवणाच्या टेबलावर इंग्रज मुलांना ‘डोन्ट टॉक विथ युअर माउथ फुल’ असे दटावले जाते, त्यात ‘विथ’नंतर आधी ‘माउथ’ हे नाम येते आणि त्याच्या मागून ‘फुल’ हे विशेषण. ‘शी स्लेप्ट विथ द विंडो ओपन’ यातही तोच क्रम आहे. मराठीत येथे ‘असताना’ किंवा ‘ठेवून’ यांपैकी काही वापरावे लागते, ‘तोंडात घास असताना’, ‘खिडकी उघडी ठेवून’. इंग्रजीत ते क्रियापद गाळले जाते आणि विशेषणाची जागाच त्या क्षणापुरती अवस्था सूचित करते. विशेषण नामाच्या आधी नेऊन ‘विथ युअर फुल माउथ’ असे केले की वाक्य बिघडते, भरलेले तोंड हा जणू माणसाचा कायमचा अवयव होऊन बसतो.

पाककृतींच्या पुस्तकांत ‘फ्राय अंटिल गोल्डन’ असे असते. त्यावर पारंपरिक व्याकरणाचे म्हणणे असे की ‘अंटिल’ येथे उभयान्वयी अव्यय, म्हणजे दोन वाक्ये जोडणारा शब्द आहे, आणि ‘तो पदार्थ सोनेरी होईपर्यंत’ या वाक्यातील कर्ता व क्रियापद गाळलेले आहेत. ‘व्हेन यंग’, ‘दो पुअर’, ‘इफ पॉसिबल’ यांनाही हेच स्पष्टीकरण लागू पडते. ‘ड्युअरिंग यंग’ आणि ‘डिस्पाइट पुअर’ चुकीचे का ठरतात तेही त्यातून कळते, कारण ‘ड्युअरिंग’ व ‘डिस्पाइट’ वाक्ये जोडू शकत नाहीत. परंतु ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’ हे शब्द कधी नामापूर्वी, कधी पूर्ण वाक्यापूर्वी येतात, तेव्हा एकाच शब्दाला दोन जातींची नावे का द्यावीत, असा प्रश्न डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’मध्ये उपस्थित केला होता. क्रियापद कर्म घेवो वा न घेवो, ते क्रियापदच राहते. मग प्रिपोझिशनची जात त्याच्या पूरकावरून का ठरावी, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ च्या ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ने ही दिशा स्वीकारली. त्या ग्रंथानुसार प्रिपोझिशनचा पूरक नाम असणे हा नेहमीचा प्रकार होय, ती व्याख्या नव्हे. पूरक विशेषणही असू शकतो, वाक्यही असू शकते. शाळेत मात्र जुनाच नियम शिकवला जातो, आणि नवशिक्यासाठी तो अधिक उपयोगी आहे हे मान्य करावे लागते.

या चुकांचे स्वरूप मातृभाषेनुसार पालटते याचा एक चांगला दाखला सिंगापूरच्या इंग्रजीत मिळतो. तेथे ‘लहानपणापासून’ या अर्थी ‘सिन्स यंग’ असे सर्रास म्हटले जाते. चिनी भाषेत हा आशय ‘पासून’ आणि ‘लहान’ अशा अर्थांच्या दोनच शब्दांत व्यक्त होतो, भाववाचक नाम लागत नाही, आणि इंग्रजी वाक्याची घडण तिकडून आली आहे. मराठी माणसाच्या तोंडी ‘सिन्स यंग’ सहसा येत नाही, कारण ‘लहानपणापासून’मधला ‘पण’ त्याला आपोआप ‘सिन्स चाइल्डहुड’कडे नेतो.

तरीही विशेषणाला थेट प्रत्यय लावून क्रियाविशेषण करण्याची खोड मराठीलाही आहेच. ‘थोडक्यात’ हा शब्द ‘थोडके’ या विशेषणाला ‘त’ लावून झाला आहे आणि तो अर्थाने व घडणीने ‘इन शॉर्ट’चा सख्खा भाऊ शोभतो, ‘खाजगीत’ आणि ‘इन प्रायव्हेट’ यांचेही तसेच. ‘उघड्यावर’, ‘नव्याने’ हे शब्द त्याच टाकसाळीतले. इंग्रजीत सध्या ज्या प्रयोगाविषयी काटेकोर संपादक कुरकुर करतात तो ‘फॉर फ्री’ आहे. ‘फ्री’ हे नाम नाही, आणि ‘विनामूल्य’ हा अर्थ ‘फ्री’ या एकट्या शब्दात पुरता येतो, मग ‘फॉर’ कशाला, असा त्यांचा आक्षेप; ‘फॉर नथिंग’ म्हणावे किंवा नुसते ‘फ्री’, असा त्यांचा सल्ला. जाहिरातदारांनी आणि बोलणाऱ्यांनी तो मानलेला नाही, कारण ‘फ्री’चा दुसरा अर्थ ‘मोकळा’ असा असल्याने ‘फॉर’ लावले की घोटाळा टळतो. मराठीत ‘फुकट’ हे एकट्यानेच क्रियाविशेषणाचे काम करू शकते, आणि ‘फुकट गेले’ म्हणजे वाया गेले असाही त्याचा अर्थ होतो. तरी दुकानदार एका साबणावर दुसरा ‘फुकटात’ देतो आणि गिऱ्हाइकाला त्या जादा ‘त’मध्ये काही खटकत नाही.